पंडिता रमाबाई : उपवासकाळातील एक स्मरण

उपवासकाळ सुरू झाला म्हणजे विद्यार्थ्यांमध्ये एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. या चाळीस दिवसांत सोडायचे ते काय? कोणी चहा सोडतो, कोणी गोडधोड सोडतो, कोणी मांसाहार वर्ज्य करतो. भस्म बुधवारी केलेले हे लहान संकल्प काहींचे शेवटास जातात, काहींचे आठवड्याभरातच मोडतात. प्रभू येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची व पुढे वधस्तंभावर सोसलेल्या दुःखाची आठवण म्हणून ख्रिस्ती मंडळीने हा काळ नेमिला आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु स्वखुशीने एक वेळचे जेवण सोडणे आणि घरात दाणा नाही म्हणून उपाशी निजणे, या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यास उपवास म्हणतात व दुसऱ्यास उपासमार. उपवास करणाऱ्यास उपासमार सोसणाऱ्याची आठवणही होत नसेल, तर त्या उपवासाचे फळ काय?

हा विचार मनात आला असता आमच्या डोळ्यांपुढे एका थोर स्त्रीचे चरित्र उभे राहते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी उपवास व उपासमार ही दोन्ही पाहिली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या वर्षी ईस्टरचा सण १६ एप्रिलला होता. म्हणजे झावळ्यांच्या रविवारास चार दिवस उरले असता, उपवासकाळातच त्यांनी हा लोक सोडला. म्हणून या दिवसांत त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

हे चार शब्द आम्ही आंबवडे येथे बसून लिहीत आहो. भोरपासून काही मैलांवरचे हे गाव डोंगरांच्या कुशीत आहे. येथील झुलत्या पुलावरून पावसाळ्यात खाली पाहिले म्हणजे ओढ्याचे भरलेले पाणी दिसते, आणि पाण्यावाचून माणसे तडफडली ही गोष्ट खरी वाटत नाही. परंतु याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास दौंड तालुका आहे. तेथे पाऊस थोडा, जमीन उघडी व ऊन कडक. त्या माळावर, पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, केडगाव म्हणून रेल्वेचे स्टेशन आहे. दुष्काळाने अनाथ झालेल्या शेकडो मुलींचे घर रमाबाईंनी तेथे उभारिले. आंबवड्याच्या मुलामुलींस केडगाव दूर वाटेल. पण ते आपल्याच जिल्ह्यातले आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. तरुणपणी पुण्यास शिकत असता, आपले गुरुजी पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रियांसही ही विद्या येऊ शकते हे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. लोकांनी गवगवा केला, शास्त्र्यांनी जाब विचारला, तरी शास्त्रीबोवा डगमगले नाहीत. ग्रंथांचे आधार काढून त्यांनी आपला पक्ष मांडला, आणि वस्तीपासून दूर रानात घर बांधून पत्नीस शिकविले. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या मुलीस शिकविले. पहाटे, घरातली कामे सुरू होण्यापूर्वी, माता कन्येस श्लोक म्हणावयास लावीत असे.

शास्त्रीबोवांच्या घरी विद्यार्थी व अतिथी यांचा राबता असे. त्यांच्या पाहुणचारात व दानधर्मात होते नव्हते ते द्रव्य संपले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच या कुटुंबाने घर सोडले व तीर्थयात्रेस आरंभ केला. तान्ह्या रमेस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणिले होते. तेव्हापासून वडील, आई, बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास व रमा अशी पाच माणसे गावोगाव फिरत. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता. नेमाची व्रते व उपवास या घराच्या अंगवळणी पडलेले होते.

पुढे १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची छाया पडली. पुराण ऐकण्यास येणाऱ्यांच्याच घरी दाणा नव्हता, तेव्हा पुराणिकास कोण देणार? शास्त्रीबोवांचे वय झाले होते व दृष्टी गेली होती. भांडीकुंडी विकून झाली. अंगमेहनतीचे काम कोणास ठाऊक नव्हते, आणि भीक मागणे कुळाच्या मानास सोसत नव्हते. अकरा दिवस व अकरा रात्री या कुटुंबाने पाणी, झाडांचा पाला व मूठभर रानखजूर यांवर काढल्या. अखेर वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचा निश्चय केला व एकेकास जवळ घेऊन निरोप दिला. रमा ही सर्वांत धाकटी व लाडकी. तिला हृदयाशी धरून, देवाची सेवा कर व सन्मार्गाने चाल, असा उपदेश त्यांनी केला. इतक्यात श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूस ठेवून मी मजुरी करीन, पण आपण प्राण देऊ नये, अशी त्याने वडिलांस विनवणी केली. पित्याने ती मानिली. परंतु शरीर थकले होते. थोड्याच दिवसांत त्यांस ताप आला व त्यांचा अंत झाला.

नंतर आई तापाने अंथरुणास खिळली. तापाच्या भरात ती अन्न मागू लागली. तेव्हाची एक गोष्ट रमाबाईंच्या मनातून जन्मभर गेली नाही, आणि आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज तिच्यात आहे. म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

आईसाठी काही मागून आणावे म्हणून रमेस शेजारच्या एका ब्राह्मणबाईंकडे धाडण्यात आले. रमा गेली. बाई ममतेने बोलल्या. परंतु जिच्या मुखातून सहस्रावधी श्लोक अस्खलित निघत, तिला भाकर मागण्यास तोंड उघडवेना. लाजेने जीभ टाळ्यास चिकटली. डोळ्यांतले पाणी दिसू नये म्हणून तिने ते मोठ्या कष्टाने आवरिले, तर ते नाकावाटे वाहू लागले. मुलीच्या मनात काय आहे हे त्या बाईंनी ओळखिले, आणि खावयास काही हवे काय, असे आपण होऊन विचारिले. बाजरीच्या भाकरीचा लहानसा तुकडा पुरे, इतकेच रमा कसेबसे बोलली. बाईंनी भाकर दिली. आभाराचा शब्दही न बोलता मुलगी धावत आईकडे आली. परंतु आईस आता तो तुकडा खाण्याचेही त्राण राहिले नव्हते. तिची शुद्ध गेली व थोड्या दिवसांनी तिने प्राण सोडला.

रायचूर येथे ही माता वारली. अनोळखी गावात तिरडीस खांदा देण्यास माणसे मिळेनात. स्मशान तीन मैल दूर होते. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमा. तिची उंची कमी म्हणून खांद्यावर तिरडी समतोल राहीना, तेव्हा तिने आपल्या बाजूचा दांडा डोक्यावर घेतला. पुढे बहीण कृष्णाबाईही पटकीच्या आजाराने गेली. पाचांपैकी दोघेच उरले.

ही भावंडे मग पायी हिंदुस्थानभर फिरली. उत्तरेकडील थंडीत पांघरावयास काही नसे. झेलम नदीच्या काठी वाळूत दोन खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथे त्यांचे दैव पालटले. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून मोठमोठे पंडित चकित झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली व भर सभेत तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. ज्या मुलीस कालपर्यंत वाळूचे पांघरूण होते, तिचे नाव देशभर झाले. परंतु दोनच वर्षांत, १८८० मध्ये, डाक्का येथे श्रीनिवासही मरण पावला.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात, भाषा व प्रांत ही सर्वच भिन्न असल्यामुळे दोन्हीकडील लोकांस तो रुचला नाही. आसामात सिल्चर येथे त्यांचा संसार सुखाने चालला होता. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा ही कन्या झाली. परंतु ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व पती ही सर्व गेली, आणि कडेवर दहा महिन्यांचे मूल राहिले. दुःखाचा असा डोंगर कोसळला असता मनुष्य एक तर खचतो, नाही तर कठोर होतो. रमाबाई या दोहोंतून कशा वाचल्या, हेच या चरित्रात पाहण्याजोगे आहे.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर पाहिजेत असे निक्षून सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने, पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर, त्या १८८३ मध्ये मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. पण त्यांस ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला.

विलायतेत वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक आश्रम होते. ज्या स्त्रियांस समाजाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांस तेथे ठेवून घेऊन ममतेने वागवीत. रमाबाईंनी हे पाहिले व त्यांस मोठे नवल वाटले. असल्या स्त्रियांस शिक्षा सांगणारे पुष्कळ त्यांनी पाहिले होते, उचलून घेणारे हे प्रथमच पाहिले. हे करण्याची बुद्धी तुम्हांस कोठून झाली, असे त्यांनी एका भगिनीस विचारिले. तेव्हा त्या भगिनीने त्यांस विहिरीवर प्रभूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. सर्वांनी टाळलेल्या स्त्रीशी जो आपण होऊन बोलला, तिच्या मनातली तहान जिने न सांगताच ज्याने ओळखिली, असा हा गुरू रमाबाईंच्या अंतःकरणास भिडला. सिल्चरास असताना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या वाचण्यात आली होतीच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या वार्तेने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. ज्यांनी गौरव केला होता त्यांपैकी अनेकांनी पाठ फिरविली. इकडे विलायतेतही सर्व सुरळीत नव्हते. धर्मगुरू सांगतील ते निमूटपणे मान्य करणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते. जे बुद्धीस व सदसद्विवेकास पटेल तेच आपण मानू, असे त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या ख्रिस्ती मित्रांस स्पष्ट कळविले. आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विसरू नये. रमाबाईंची श्रद्धा आंधळी नव्हती. पित्याने शास्त्र्यांपुढे जो स्वतंत्र बाणा दाखविला, तोच कन्येने धर्मगुरूंपुढे दाखविला.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या व तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत मिळविली. बोस्टन येथे त्यांच्या नावाची एक संस्था स्थापन झाली व तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडिले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक विधवा होती. त्याच पुढे पुनर्विवाह होऊन धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये हे सदन पुण्यास आणण्यात आले.

शारदासदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही, असा करार होता. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत. परंतु दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. रानडे व भांडारकर यांसारख्या थोर पुरुषांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. या वादात सर्व दोष एका पक्षाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आपली मुलगी परधर्मात जाईल ही पालकांची भीती निराधार नव्हती. आणि ज्या प्रार्थनेने आपणांस तारिले तिचे दार लावून घेणे रमाबाईंस जड गेले, हेही समजण्याजोगे आहे. ज्या मुली परत नेल्या गेल्या त्यांच्या शिक्षणाचे काय झाले असेल, याचे मात्र वाईट वाटते.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील भुकेने मरणाऱ्या लोकांच्या वार्ता पुण्यास येऊ लागल्या. वीस वर्षांपूर्वीची ती तापाने फणफणलेली आई, तो बाजरीचा तुकडा, हे सर्व रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. शारदासदन विधवांसाठी होते. दुष्काळपीडितांची जबाबदारी कोणी त्यांजवर टाकिली नव्हती. हाती पैसा नव्हता. तरी त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथे त्यांनी पाहिले की, भुकेल्या पोरक्या मुलींवर दुष्ट लोकांची नजर आहे आणि भाकरीच्या लोभाने त्या नाशाच्या वाटेला लागत आहेत. रमाबाईंनी अशा मुली गोळा केल्या व शेकडोंच्या संख्येने आपल्याकडे आणविल्या.

या मुली कशा स्थितीत आल्या ते सांगणे कठीण आहे. हाडांचे सापळे, केसांच्या जटा, अंगावर फोड, लाज झाकण्यास चिंध्या. कित्येकींचे पोट अन्न पुढे आले असताही ते पचवू शकत नव्हते. कित्येक मुली आश्रयास येऊनही दगावल्या. भुकेने माणसाचे मनही करपते. कित्येक मुली अन्न लपवून ठेवीत, ओरबाडीत, शिव्या देत. परोपकार गोड असतो अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. रमाबाई व त्यांच्या सोबतिणी यांस या मुलींस नहाण घालावे लागे, जखमा धुवाव्या लागत, आणि उपकाराच्या बदल्यात अपशब्द ऐकावे लागत.

तशात पुण्यास प्लेग आला. इतक्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबेल तेव्हा शारदासदनास उत्पन्न असावे, म्हणून रमाबाईंनी फळबागेसाठी सुमारे १०० एकर जमीन तेथे आधीच घेऊन ठेविली होती. संत्र्यांसाठी घेतलेल्या त्या मळ्यात आता तंबू व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. इकडे पुण्यात प्लेगच्या छावण्यांत व इस्पितळात स्त्रियांची जी हेळसांड होई, तिजविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रातून उघड लिहिले, व त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावी मुक्तिसदनाची स्थापना झाली. पुढे गुजराथ-काठेवाडात छपन्नाचा दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतील स्त्रिया तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांस रोज दोन वेळ जेवू घालणे म्हणजे काय, याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनी घरी आईस विचारून करून पाहावा. किती पायली धान्य, किती सरपण, किती घागरी पाणी!

परंतु रमाबाईंस केवळ पोटे भरावयाची नव्हती. मागण्यासाठी तोंड उघडताना जीव कसा मरतो हे त्यांनी अनुभविले होते. म्हणून या मुलींवर पुन्हा मागण्याची पाळी येऊ नये असा त्यांचा कटाक्ष होता. मुक्तीत लिहिणे-वाचणे तर होतेच, शिवाय विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा व छापखाना ही सर्व कामे मुली शिकत व स्वतः चालवीत. विहिरी खणून तो माळ हिरवा केला. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलम येथे पाहिलेली गोष्ट केडगावच्या मातीत उगवली. अंध मुलींसाठीही निराळे सदन होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन ती या अंध भगिनींस शिकविली, तेव्हा ज्यांस केवळ ओझे समजत त्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. प्रचारातील मराठी बायबलाची भाषा खेड्यातील अशिक्षित स्त्रीस कठीण जाते, असे त्यांस दिसून आले. म्हणून मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यास आरंभ केला, व पंधराहून अधिक वर्षे ते काम चालविले. संस्कृताच्या सभा जिंकलेल्या या पंडितेने आपले पांडित्य बाजूस ठेवून, दुष्काळातून आलेल्या पोरीस कळेल अशी वाक्ये शोधली. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील मुलींनीच केली. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या पश्चात, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु दुःखाचा पेला अजून संपला नव्हता. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात होत्या. बी. ए. झालेल्या या विदुषी कन्येवर मुक्तीचा भार सोपवून आपण निश्चिंत व्हावे, अशी मातेची इच्छा होती. पण २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाई वारल्या. जिच्याशिवाय आपले म्हणावे असे रक्ताचे कोणी उरले नव्हते, ती एकुलती एक मुलगी गेली. रमाबाई पुन्हा कामास लागल्या. भाषांतराचे काम संपवीत आणीत असतानाच, नऊ महिन्यांच्या आत, त्यांनीही डोळे मिटले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षे होते. त्यांनी स्थापिलेली संस्था केडगावी आजही चालू आहे, आणि १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

येथवर चरित्र झाले. आता उपवासकाळाकडे वळू.

दुःख हे स्वभावतःच पवित्र असते असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते मानीत नाही. त्याच दुष्काळाने कित्येक माणसे चोर झाली, कित्येक आईबापांनी मुले विकली. रमाबाईंच्या आईस भुकेने पुण्य दिले नाही, मरण दिले. म्हणून भुकेची स्तुती करणे हे पोट भरलेल्या माणसाचे काम आहे, ते आपण करू नये. रमाबाईंची थोरवी त्यांनी दुःख भोगले यात नाही, कारण त्या काळी लाखोंनी ते भोगिले. सुखाचे दिवस आल्यावर त्यांनी ते दुःख विसरून टाकिले नाही, यात त्यांची थोरवी आहे. कलकत्त्याच्या सभेत पदव्या मिळाल्या, अमेरिकेत टाळ्या मिळाल्या, तरी शेजारणीच्या दारात मुकी उभी राहिलेली ती मुलगी त्यांनी आपल्या मनात जपून ठेविली. मध्यप्रांतातील मुली दिसताच त्यांनी तिला ओळखिले.

आणि आम्हांस आणखी एका व्यक्तीची आठवण होते. भाकरीचा तुकडा देणाऱ्या त्या ब्राह्मणबाईंचे नाव कोणत्याही चरित्रात नाही. त्या ख्रिस्ती नव्हत्या. मिशन हा शब्दही त्यांनी ऐकिला नसेल. त्यांची भाकर ज्या मातेसाठी होती तिच्या तोंडीही ती लागली नाही, म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने तो उपकार फुकट गेला. तरीही मुलीच्या वाहत्या नाकावरून त्यांनी तिच्या पोटातली आग ओळखिली, आणि तिने हात पसरण्यापूर्वी आपण विचारिले. पुढे केडगावी हजारो मुलींच्या पानात जी भाकर पडली, तिच्यात त्या तुकड्याचा वाटा नाही असे कोण म्हणेल? ख्रिस्ती सेवा म्हणजे काय, असे कोणी आम्हांस विचारील तर आम्ही हीच गोष्ट सांगू. दुसऱ्याची गरज त्याने बोलून दाखविण्यापूर्वी ओळखणे, आणि त्याची मान खाली न घालविता देणे, हे तिचे मर्म आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वर्गातही अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल. मधल्या सुट्टीत डबा आणिला नाही, भूक नाही, असे सांगून तो पाण्याच्या नळाकडे जात असेल. फी भरण्याच्या दिवशी तो गैरहजर राहत असेल. तो तुमच्याकडे मागणार नाही, कारण पंडिता रमाबाईंनाही मागता आले नव्हते. या उपवासकाळात तुम्ही चहा सोडा, गोड सोडा, हे चांगलेच आहे. त्यातून वाचलेले चार पैसे दानपेटीत टाका, हेही चांगले. परंतु त्याबरोबर डोळे उघडे ठेवावयास शिका. एक वेळ रिकाम्या पोटी राहून जर शेजाऱ्याचे रिकामे पोट कळू लागले, तर तुमचा उपवास प्रभूस पावला असे समजा.

आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे. आपण कोणत्याही धर्माचे असा, आपल्या घरातही व्रते आहेत, रोजे आहेत, एकादशी आहे. मुलगा उपवास करतो म्हटला तर त्याचे कौतुक कराच. पण त्या दिवशी त्याच्या वाट्याची भाकर फडताळात ठेवू नका. ती कोणाच्या दारी न्यावयाची, हे त्याचे त्याला शोधू द्या.